मूल आजारी दिसलं तर: अंगणवाडी आणि पाळणाघरातल्या नव्या ताईंसाठी

एका खोलीत वीस-पंचवीस मुलं, एकच सतरंजी, एकच माठ, खेळण्यांची एकच टोपली. धडगावकडच्या पाड्यावरची अंगणवाडी असो की जळगावात नोकरदार आई-बाबांसाठी चालवलेलं पाळणाघर, नव्याने काम सुरू करणाऱ्या ताईला पहिली धास्ती एकच असते: मला आजार ओळखता येईल का?

आजाराला नाव देणं डॉक्टरांचं काम. तुम्ही करायचं ते इतकंच: नेहमीपेक्षा वेगळं वाटणारं मूल दारातच हेरायचं, त्याला बाजूला बसवायचं आणि त्याच दिवशी आशाताईला किंवा आरोग्यसेविकेला कळवायचं. यात "उद्या बघू" म्हणण्याची सवय सगळ्यात महागात पडते. साथ पसरायला तो एक दिवसही पुरतो.

आधी हाताशी काय हवं

बॅटरीवरचा थर्मामीटर (पाऱ्याचा नको, फुटला की नवी डोकेदुखी), ओआरएसची किमान दहा पाकिटं, झिंकच्या गोळ्या, साबण, नेलकटर, झाकणाच्या दोन बादल्या, हातमोजे किंवा स्वच्छ प्लास्टिक पिशव्या, आजारी मुलासाठी वेगळी चटई आणि चादर. शिवाय जंतुनाशक म्हणून सोडियम हायपोक्लोराइट किंवा ब्लीचिंग पावडर, कुलूपबंद आणि मुलांच्या हाताबाहेर. भिंतीवर मोठ्या अक्षरात आशाताई, आरोग्यसेविका आणि उपकेंद्राचे नंबर, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. प्रत्येक मुलाच्या घरचे दोन नंबर घ्या. एक आई-वडिलांचा, दुसरा गावातच असणाऱ्या माणसाचा. कापूस वेचणीला किंवा केळीच्या बागेत गेलेल्या आईला दुपारी बारा वाजता फोन लागत नाही, तेव्हा शेजारची काकूच कामाला येते.

नाव नोंदवतानाच माता-बाल संरक्षण कार्ड पाहा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. ९ महिने पूर्ण झाल्यावरची गोवर-रुबेला लस आणि १६ ते २४ महिन्यांमधला तिचा दुसरा डोस, या दोन नोंदी आधी शोधा. कार्ड हरवलं असेल तर "झालंय सगळं" या उत्तरावर थांबू नका, आरोग्यसेविकेच्या नोंदवहीतून खात्री करून घ्या.

दारातली दोन मिनिटं

मूल आत येऊन इतरांत मिसळण्याआधी, आई दारात असतानाच ही पाहणी करा. नंतर केली तर मूल परत न्यायला कोणी उरत नाही.

१. चेहरा आणि चाल बघा. रोज पळत येणारं मूल आज आईच्या पदराला धरून बसलंय का? सुस्ती हे सगळ्यात लवकर दिसणारं लक्षण आहे, आणि त्याला कुठलंच यंत्र लागत नाही.

२. तळहात मुलाच्या मानेवर मागून ठेवा. गरम वाटलं तर थर्मामीटर लावा. काख आधी फडक्याने कोरडी करा, टोक काखेच्या मधोमध ठेवा, हात अंगाशी धरा आणि आवाज येईपर्यंत थांबा. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त म्हणजे ताप. ९९.५ च्या वर असेल तर लक्ष ठेवून तासाभराने पुन्हा मोजा. एप्रिल-मेमध्ये आपल्या खान्देशात सकाळी नऊलाच ऊन चटके देतं. त्यातून चालत आलेल्या मुलाचं अंग तसंही तापतं, म्हणून त्याला सावलीत बसवा, पाणी द्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी मोजा.

३. डोळे: लाल, चिकट, पाणी येतंय? नाक आणि खोकला?

४. सदरा वर करून पोट, पाठ आणि कानामागचा भाग उजेडात बघा. मग तळहात, तळपाय. सावळ्या कातडीवर पुरळ लाल दिसेलच असं नाही. खोलीच्या अंधारात तर ते हमखास सुटतं. दारातल्या उन्हात बघा आणि बोटांनी चाचपा, खरखरीत लागतं.

५. आईला विचारा: रात्री झोपला का, जेवला का, संडास कशी झाली, घरात आणखी कोणी आजारी आहे का. आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: "वहिनी, सकाळी काही औषध पाजलं का?"

या शेवटच्या प्रश्नाचं कारण साधं आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम साधारण चार ते सहा तास टिकतो. सकाळी सातला औषध पाजून सोडलेलं मूल नऊला हसतखेळत येतं आणि अकरा-बाराच्या सुमारास फणफणतं. तोवर ते सगळ्यांबरोबर एका ताटलीला ताटली लावून खिचडी खाऊन झालेलं असतं.

आई हे लपवते ते तिची मजुरी बुडते म्हणून. तिला रागावलं की पुढच्या वेळी ती खरं सांगणार नाही, आणि खरी माहिती हेच तुमचं मुख्य हत्यार. ज्या भागात अहिराणी चालते तिथे अहिराणीतच विचारा, "पोरले ताप शे का?" सातपुड्यात पावरी किंवा भिली बोलणारी एखादी बाई जोडीला घ्या. आजारपण ही घरगुती गोष्ट आहे, ती घरच्या बोलीतच मोकळेपणी सांगितली जाते.

पाहणीत काही आढळलं तर वहीत पाच गोष्टी लिहा: तारीख, मुलाचं नाव, लक्षण, ते कधी सुरू झालं, वस्ती किंवा गल्ली. वस्तीचा रकाना फालतू वाटतो, पण दोन जुलाबाची मुलं एकाच हातपंपाजवळची निघाली तर तो रकानाच बोट दाखवतो.

थेट १०८ लावायचं असं काही

खालीलपैकी एकही दिसलं तर पालकांची वाट पाहत बसू नका. आधी १०८, मग घरचा फोन.

- झटका आला आणि पाच मिनिटांत थांबला नाही, किंवा पहिल्यांदाच आला
- मूल उठवून उठत नाही, पाणी-दूध काहीच गिळत नाही, घेतलेलं सगळं ओकतं
- श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो, ओठ निळसर होतात
- मान कडक, किंवा दाबल्यावरही न जाणारे जांभळट डाग
- घसा दुखतो, मान सुजलीय, आवाज बसलाय, घशात राखाडी पापुद्रा दिसतोय (घटसर्पाची शंका)
- डोळे खोल गेलेले, सहा-आठ तासांत लघवी नाही

तापात झटका आला तर मुलाला जमिनीवर एका कुशीवर झोपवा, आजूबाजूच्या वस्तू हटवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात जो वेळ जातो तो फोन करण्यात घाला. कुशीवर वळवल्याने लाळ बाहेर येते आणि श्वासनलिकेत जात नाही, एवढंच त्यामागचं तत्त्व.

श्वास मोजणं शिका, अंदाज करू नका

न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत असताना (रडताना किंवा पळून आल्यावर नाही) सदरा वर करा, पोट-छातीचं एक वर-खाली म्हणजे एक श्वास, आणि मोबाईल लावून पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिने ते १ वर्षाच्या आतल्या बाळात मिनिटाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे वेगाचा श्वास. त्या दिवशीच डॉक्टर.

पोट उडतंय म्हणून कुठेकुठे बाळाच्या पोटावर डागण्या देतात. न्यूमोनिया त्याने बरा होत नाही, वर जखम होते आणि दवाखान्यात जायला उशीर होतो. घरच्यांशी भांडत बसण्यापेक्षा श्वास मोजून दाखवा. "मिनिटाला अठ्ठावन्न" हा आकडा कानावर पडला की आजीसुद्धा रिक्षा बोलवायला सांगते.

साधी सर्दी, ताप नाही, मूल खेळतंय: घरी पाठवायचं कारण नाही. नाक पुसायला प्रत्येकाचा वेगळा रुमाल, आणि खोकताना कोपरात तोंड घालायला खेळातून शिकवा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला टिकला तर क्षयरोगाची तपासणी. हा नियम मुलांपेक्षाही तुम्हाला, मदतनीस ताईंना आणि आहार शिजवणाऱ्यांना जास्त लागू आहे, कारण लहान मुलाला क्षयरोग बहुधा मोठ्या माणसाकडून येतो. खोकल्याची उबळ येऊन मूल लालबुंद होतं, शेवटी ओकतं किंवा श्वास ओढताना आवाज येतो, तेव्हा डांग्या खोकल्याची शंका घ्या. अँटिबायोटिकचे पाच दिवस पूर्ण होईपर्यंत ते मूल घरी.

पुरळ: गोवर, कांजण्या की घामोळ्या

इथे नव्या ताई सगळ्यात जास्त गोंधळतात. म्हणून थोडं सावकाश.

गोवरात आधी तीन-चार दिवस जोराचा ताप, खोकला, वाहणारं नाक, लाल डोळे. मग पुरळ, तेही कानामागून आणि कपाळाच्या कडेपासून सुरू होऊन चेहऱ्यावर आणि तिथून खाली अंगावर उतरतं. त्यात पाणी नसतं. कांजण्यांत पुरळ बहुधा छाती-पाठीवर आधी येतं, खाज सुटते, आणि एकाच वेळी लाल ठिपका, पाण्याचा फोड, सुकलेली खपली असं सगळं दिसतं. हात-पाय-तोंडाच्या आजारात फोड तळहात, तळपाय आणि ढुंगणावर, तोंडात छाले, त्यामुळे लाळ गळते आणि मूल घास नाकारतं. घामोळ्या मानेवर, पाठीवर, काखेत येतात, ताप नसतो आणि मूल मजेत असतं. खान्देशातल्या उन्हाळ्यात घामोळ्या प्रत्येक दुसऱ्या मुलाला असतात, म्हणून "घामोळ्याच असतील" म्हणून गोवर सुटण्याचा धोकाही उन्हाळ्यातच जास्त. ताप आहे का, हा एक प्रश्न त्यातून सोडवतो.

गोवराचा विषाणू हवेतून पसरतो आणि मूल निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत खोलीच्या हवेत राहू शकतो. लस न घेतलेल्या दहा मुलांना लागण होण्याची संधी मिळाली तर साधारण नऊ जणांना तो होतो. त्यामुळे ताप आणि पुरळ एकत्र दिसलं की मुलाला आत कोपऱ्यात बसवणं पुरेसं नाही. बाहेर ओट्यावर, सावलीत, मदतनीस ताईंजवळ बसवा, खिडक्या-दारं उघडा आणि फोन करा. इथे दुसऱ्या मुलाची वाट पाहायची नाही. एक मूल पुरेसं आहे. २०२२ मध्ये मुंबई, भिवंडी आणि आपल्या शेजारच्या मालेगावात गोवराची साथ आली तेव्हा लस राहून गेलेली मुलंच तिच्या तडाख्यात जास्त सापडली.

कळवल्यावर आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घेतात आणि आजूबाजूच्या मुलांच्या लशी तपासतात. लागण झालेल्या मुलाशी संपर्क आल्यापासून ७२ तासांत लस मिळाली तर लस राहिलेल्या मुलाचा आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. त्याच दिवशी कळवा म्हणतो ते म्हणूनच. आजारी मुलाला अ-जीवनसत्त्वाचे दोन डोस लागतात, एक लगेच आणि एक दुसऱ्या दिवशी: ६ महिन्यांखाली ५० हजार युनिट, ६ ते ११ महिन्यांना १ लाख, वर्षापुढे २ लाख. डोस आरोग्यसेविका किंवा डॉक्टरच देतील. दुसऱ्या दिवशीचा राहून गेला नाही ना, हे मात्र तुम्ही विचारा. नेमका तोच राहतो, आणि गोवरात डोळे जाण्याचा धोका टाळण्यासाठी तो फार मोलाचा आहे.

पुरळ उठण्याआधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस मूल आजार पसरवतं. म्हणून पुरळ उठल्यापासून चार दिवस पूर्ण होईपर्यंत घरी, आणि ताप उतरून खायला लागेपर्यंत घरीच. गोवरानंतर कित्येक आठवडे अंगातली प्रतिकारशक्ती खाली असते. न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं हे त्या काळात होतं, म्हणून मूल परत आल्यावरही महिनाभर त्याच्यावर नजर ठेवा.

घरात "माता आली" म्हणतील, दाराला कडुनिंबाचा पाला लावतील. पाला लावू द्या, त्याने काही बिघडत नाही. तीन गोष्टींवर मात्र अडून बसा: अन्न तोडायचं नाही, अंगावर दूध पिणाऱ्या बाळाचं दूध थांबवायचं नाही, दवाखाना टाळायचा नाही. कोमट पाण्याने अंग पुसायला किंवा आंघोळीलाही हरकत नसते. मातेचा मान राखून हे सांगता येतं. गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला आधी विश्वासात घ्या, ती दोन वाक्यांत पटवते.

कांजण्यांत नखं बारीक कापा, खाजेवर कॅलामाइन लावता येतं. ॲस्पिरिन मुलाला कधीही नाही, आयबुप्रोफेनही टाळा. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत (साधारण पाच ते सात दिवस) घरी. खपल्या पडून जाईपर्यंत थांबायची गरज नाही. केंद्रातली एखादी ताई गरोदर असेल आणि तिला कांजण्या झालेल्या नसतील तर तिने लगेच डॉक्टरांना विचारावं, हा आजार गरोदरपणात जड जातो. कांजण्या आणि गालफुगीची लस सरकारी वेळापत्रकात नाही, त्यामुळे कार्ड पूर्ण भरलेलं असूनही हे दोन आजार होऊ शकतात. पालक "लस दिली तरी कशी झाली?" विचारतात, त्याचं उत्तर हे.

गालफुगी: कानाखाली, जबड्याच्या कोपऱ्यावर सूज, चावताना दुखतं. सूज आल्यापासून पाच दिवस घरी. पोटात जोराचं दुखणं, खूप डोकेदुखी किंवा वृषणाला सूज आली तर डॉक्टर.

हात-पाय-तोंडाचा आजार बहुधा आठवडाभरात आपोआप बरा होतो. ताप आणि लाळ गळणं थांबलं, फोड सुकले की मूल येऊ शकतं. पण त्याच्या विष्ठेतून विषाणू कित्येक आठवडे जात राहतो. या विषाणूवर हातावर चोळायचं सॅनिटायझर कमी चालतं, साबण-पाणीच हवं. महिनाभराने एखाद्या मुलाची नखं निघून आली तर घाबरू नका, या आजारानंतर तसं होतं आणि नवी येतात.

जुलाब: पावसाळ्यातलं खरं काम

चोवीस तासांत तीन किंवा जास्त पातळ संडास म्हणजे जुलाब. जीव जातो तो शरीरातलं पाणी आणि क्षार गेल्याने, म्हणून औषध शोधण्याआधी ओआरएस सुरू करा. पालक येईपर्यंतचा तास वाया घालवू नका.

पाकीट वाचा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं, लहान २०० मिलीसाठीही मिळतं. बाजारातल्या एक लिटरच्या रिकाम्या पाण्याच्या बाटलीने उकळून गार केलेलं पाणी मोजा आणि पूर्ण पाकीट त्यात घाला. इथे ठरलेली चूक म्हणजे ग्लासभर पाण्यात अर्धं पाकीट. असं पाणी खारट होतं, मूल ओकतं, आणि जास्त मीठ पोटात गेल्याने तब्येत बिघडते ती वेगळीच. तयार ओआरएसची चव डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागू नये. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या.

दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबामागे ५० ते १०० मिली, दोन वर्षांपुढे १०० ते २०० मिली. चमच्याने, घोट घोट. ओकलं तर दहा मिनिटं थांबा आणि आणखी हळू द्या, बंद करू नका. दुकानात फळांच्या चवीची डबाबंद पेयं मिळतात, ती ओआरएस नव्हेत. त्यांतल्या जास्त साखरेने जुलाब वाढू शकतात. चहाही नको. पाकीट नसेलच तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

झिंक: ६ महिन्यांपुढच्या मुलाला रोज २० मिलीग्रॅमची एक गोळी, २ ते ६ महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून. चौदा दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबतात आणि आई गोळी बंद करते. हे टाळायला पाकिटावर पेनाने १ ते १४ आकडे लिहून द्या आणि रोज एकावर फुली मारायला सांगा.

जेवण चालू. मऊ खिचडी, ताक, भाताची पेज, आणि पिकलेलं केळं, जे आपल्याकडे घरोघर असतं.

पाणी किती गेलंय ते असं पाहा: बेंबी आणि कुशीच्या मध्ये पोटाची कातडी चिमटीत उचलून सोडा. लगेच बसली तर ठीक, दोन सेकंदांहून जास्त उभी राहिली तर दवाखाना. संडासात रक्त दिसलं तरी दवाखाना, भले मूल खेळत असो. जुलाब थांबून चोवीस तास झाले की मूल येऊ शकतं, एकाहून जास्त मुलांना होत असतील तर अठ्ठेचाळीस तास धरा.

हात, पाणी, सफाई

घमेल्यातल्या एकाच पाण्यात सगळ्यांचे हात बुडवून घेणं म्हणजे एकाच्या हातावरचं पंचवीस जणांना वाटणं. तांब्याने किंवा नळाने वाहतं पाणी हवं, साबण तळहात, बोटांच्या बेचक्या, नखं आणि अंगठ्याला लागला पाहिजे, किमान वीस सेकंद. पाणी तुटपुंजं असेल तर झाकणाला भोक पाडलेली बाटली दोरीने टांगा, तेवढ्यात बरीच मुलं हात धुतात. हात पुसायला एकच पंचा नको, हवेत वाळू द्या.

बऱ्याच ठिकाणी मुलांना शौचाला नेणं आणि आहार वाढणं दोन्ही मदतनीस ताईंकडेच असतं. शक्य तिथे ही कामं वाटून घ्या. नसेल तर शौचाचं काम झालं की साबणाने हात, आणि स्वयंपाकाचा ॲप्रन तोवर खुंटीवर. स्वतःला जुलाब झाले असतील तर ते थांबल्यापासून ४८ तास शिजवणं-वाढणं बंद. पाळणाघरात लंगोट बदलायची जागा स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब ठेवा.

माठात हात घालून पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. शिजलेला आहार उन्हाळ्यात तासाभरात वाढून संपवा. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांत झाकलेली खिचडी दुपारपर्यंत आंबते, आणि वास यायच्या आधीच ती खराब झालेली असते.

जंतुनाशक: बाजारातलं ५ टक्के हायपोक्लोराइट १०० मिली आणि पाणी ९०० मिली, हे जोराचं द्रावण ओकारी-जुलाबाच्या जागेसाठी. यातलं एक माप आणि चार मापं पाणी मिळवलं की खेळणी, दाराच्या कड्या, चटईच्या कडा पुसायचं सौम्य द्रावण. ब्लीचिंग पावडर असेल तर २० ग्रॅम एका लिटरमध्ये ढवळून अर्धा तास ठेवा आणि वरचं नितळ पाणी जोराचं द्रावण म्हणून वापरा. रोज ताजं करा, उन्हात ठेवलं की ताकद जाते. आधी घाण कागदाने उचला, साबणाने धुवा, मग द्रावण टाकून दहा मिनिटं थांबा. घाणीवरच ओतलं तर क्लोरीन घाणीतच खर्च होतो. संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

बाकीचे, थोडक्यात

डोळे आले: चिकट पाणी थांबेपर्यंत घरी, टॉवेल-उशी वेगळी, दुसऱ्याचे उरलेले थेंब वापरायचे नाहीत. खरूज: बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर पुरळ आणि रात्री जास्त खाज. मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, नाहीतर आठ-पंधरा दिवसांत ती फिरून येते. डॉक्टर बहुधा आठवड्याने दुसऱ्यांदा लावायला सांगतात. कपडे-अंथरुण गरम पाण्यात धुवा, न धुता येणारं तीन दिवस बंद पिशवीत. उपचाराच्या दुसऱ्या दिवशी मूल येऊ शकतं. खपलीच्या पिवळट पुळ्या: औषध सुरू होऊन चोवीस तास झाले आणि जागा झाकलेली असली की मूल येऊ शकतं. गजकर्णावर दुकानातून विचारून आणलेलं मिश्र मलम लावू नका, त्यांतल्या स्टेरॉइडने ते दबल्यासारखं दिसून पसरतं. कावीळ: डोळे पिवळे झाल्यापासून आठवडाभर घरी.

उवांसाठी कोणालाही घरी पाठवू नका. डेंग्यू-मलेरिया मुलाकडून मुलाला लागत नाही, तो डासामार्फत पसरतो. कूलरचं पाणी दर आठवड्याला पूर्ण काढून टाकी घासून वाळवा, डेंग्यूचा डास त्यातच वाढतो. एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस-बी असलेल्या मुलाला वगळायचं कारण नाही, आणि ती माहिती कोणापुढे उच्चारायचीही नाही.

हात किंवा पाय अचानक लुळा पडलेलं मूल दिसलं, तेही ताबडतोब कळवा. पोलिओवर लक्ष ठेवण्यासाठी पंधरा वर्षांखालच्या अशा प्रत्येक मुलाची तपासणी होते.

कधी जास्त सावध राहायचं

नंदुरबारकडची कित्येक कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. गोवर-कांजण्यांचे दिवसही साधारण तेच, आणि मधल्या काळात नेमकी लस राहिलेली असते. परतलेल्या प्रत्येक मुलाचं कार्ड पहिल्या आठवड्यातच तपासा. आखाजीला (अक्षय तृतीयेला) लेकी मुलांना घेऊन माहेरी येतात, ती पाहुणी मुलंही मामाच्या गावच्या अंगणवाडीत बसतात. त्यांचं नाव वहीत नाही म्हणून दारातली पाहणी सोडू नका.

प्रत्येक आजारी मूल त्याच दिवशी कळवायचंच, पण एका आठवड्यात एकाच लक्षणाची दोन मुलं निघाली की तेही आरोग्यसेविकेला आवर्जून सांगा. पालकांना सांगताना आजाराचं नाव आणि काय पाहायचं तेवढंच सांगा, कोणाच्या मुलाला झालंय ते नाही. गावात कळेलच, पण तुमच्या तोंडून नको.

घरी थांबवलेल्या मुलाचा आहार चुकवू नका. आई किंवा मोठ्या भावंडाबरोबर डब्यात पाठवा, डबा वेगळा ठेवा. मूल परत आलं की त्या दिवशी वजन घ्या आणि दंडघेर मोजा. ११.५ सेंटीमीटरच्या खाली असेल तर ते मूल तीव्र कुपोषित, त्याच दिवशी आरोग्यसेविकेकडे. वजन घटलं असेल तर किमान दोन आठवडे रोज एक जास्तीचं खाणं घरी सांगा, तूप किंवा तेल घातलेलं, आणि आठवड्याने पुन्हा वजन करा.